बाबांची चार मिनिटं

अगं, तुझ्या पत्रात दीड पान नुसती मैत्रीण आहे. ती ब्रेकअपचं सांगत रडत होती, तू समोर बसून स्क्रोल करत होतीस, वर "सेम तुझ्यासारखं" म्हणून तिलाच एक रील पाठवलीस, ती म्हणाली तुला फीलिंग्जच नाहीत, मग तू ऑनलाइन ईक्यू, म्हणजे भावनिक बुद्धिमत्तेची, टेस्ट दिलीस, मार्क कमी आले आणि आता विचारतेस की रोज पाच-सहा तास इन्स्टावर असते म्हणून असं झालं का, कुठला कोर्स करू. मैत्रीण बरोबर बोलली, तो विषय संपला.

मी अडकले ते शेवटच्या दोन ओळींत. बाबा रिटायर झाले, एरवी फोनवर "थांब, आईला देतो" याच्यापुढे जात नाहीत, त्यांनी पहिल्यांदाच व्हॉइस नोट पाठवली, चार मिनिटांची. "टू एक्सवर ऐकली, काही विशेष नव्हतं, थम्स अप टाकला."

काही विशेष नव्हतं? राग आला मला खरंच. दुप्पट स्पीडला शब्द कळतात गं, पण मधेच थांबणं, घसा खाकरणं, एकदम विषय बदलून पाऊसपाण्याचं बोलणं हे सगळं चेपलं जातं, आणि तुझ्या बाबांसारखी माणसं मनातलं तिथेच ठेवतात.

सालोवी आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली, त्यात सुरुवातच भावना ओळखण्यापासून आहे, आपल्या आणि समोरच्याच्या. २०१४ साली लॉस एंजेलिसच्या संशोधकांचा एक अभ्यास छापून आला, सहावीतली पन्नासेक मुलं पाच दिवस कॅम्पला, फोन नाही टीव्ही नाही, तेवढ्यावर ती चेहऱ्यावरचे भाव आधीपेक्षा बरे ओळखायला लागली. तू सहावीतली नाहीस, आणि इन्स्टानेच तुझा ईक्यू खाल्ला असं छातीठोक कोणी सांगू शकणार नाही, आधीच एकटी पडलेली माणसंही जास्त स्क्रोल करतात. पण माणसं ओळखायची सवय माणसांत बसूनच लागते.

तेव्हा कोर्स नको. आज ती नोट साध्या स्पीडला ऐक, दुसरं काही न करता. शुक्रवारी रात्रीची एसटी पकड, घरी जा आणि विचार, "बाबा, तुम्ही मधेच थांबलात, काय सांगणार होतात?" ते आधी "काही नाही गं" म्हणतील. उठू नकोस, फोन बॅगेतच राहू दे, त्यांना वेळ लागेल.

मैत्रिणीला सॉरी तिकडून आल्यावर म्हण, समोर बसून, मेसेजवर नाही.