टास्क मॅनेजर उघडला की गप्प होणारी प्रोसेस: पासवर्ड त्या मशीनवर बदलू नका

तुमचा प्रश्न वाचला. गेम बंद, ब्राउझर बंद, तरी पंखे घोंघावतायत. टास्क मॅनेजर (कोणते प्रोग्राम, म्हणजे प्रोसेस, चालू आहेत ते दाखवणारी विंडोजची यादी) उघडला की चार-पाच सेकंदांत सगळं गप्प. रोमिंग फोल्डरमध्ये (प्रोग्राम तुमची सेटिंग्ज ठेवतात तिथे) एसव्हीसीहोस्ट नावाची, म्हणजे विंडोजच्या सर्व्हिसेस चालवणाऱ्या फाइलच्याच नावाची, फाइल सापडली, ती उडवली, रीस्टार्ट केल्यावर पुन्हा तिथेच. दोन वर्षांपूर्वी माझ्या मशीनवर अगदी हेच झालं होतं. बाकीचं नंतर सांगतो, आधी तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल: "आता बसून सगळे पासवर्ड बदलतो." बदला, नक्की बदला, पण त्या मशीनवर बसून नको. त्याचं इंटरनेट आत्ताच्या आत्ता काढा आणि पुढचं फोनवर वाचा.

मी सिक्युरिटीच्या क्षेत्रातला नाही. स्वतःची मशीन स्वतः जुळवणारा आणि गेम खेळणारा माणूस आहे, आणि माझा अनुभव विंडोज १० आणि ११ पुरताच आहे. त्या मशीनवर नोकरीचं कामही करत असाल तर कशालाही हात लावण्याआधी तिथल्या आयटीवाल्यांना कळवा. फुल स्कॅन, टेम्प फोल्डर साफ करणं वगैरे तुम्ही केलंच असेल, त्यात जात नाही.

पंखे फिरवतोय तो बहुतेक मायनर आहे, म्हणजे तुमची मशीन वापरून दुसऱ्यासाठी डिजिटल चलन कमावणारा प्रोग्राम. मी दुसऱ्या स्क्रीनवर आफ्टरबर्नरचा (मशीनवरचा भार दाखवणाऱ्या प्रोग्रामचा) आलेख चालू ठेवून अर्धा तास बाजूला झालो होतो. परत आलो तर सीपीयूची रेघ सत्तर टक्क्यांच्या आसपास सपाट होती. टास्क मॅनेजर उघडला आणि ती कड्यावरून पडावी तशी तीन टक्क्यांवर आली. बंद केला, वीसेक सेकंद गेले, पुन्हा वर. ग्राफिक्स कार्डाची रेघ मात्र पूर्ण वेळ तळाशीच. त्यामुळेच मी आधी आठवडाभर फसलो होतो, कारण मायनिंग म्हणजे ग्राफिक्स कार्ड असंच डोक्यात होतं. मोनेरो या डिजिटल चलनाने नोव्हेंबर २०१९ मध्ये रँडमएक्स ही मायनिंगची पद्धत घेतली आणि ती मुद्दाम सीपीयूसाठी बनवलेली आहे. पूर्ण वेगात चालवायची तर तिला दोन जीबीच्या वर रॅम लागते. आठ-बारा कोरची गेमिंग मशीन मायनर घुसवणाऱ्यांना आयतीच मिळते. म्हणून त्या प्रोसेसची मेमरीही बघा. खऱ्या एसव्हीसीहोस्टने दोन-अडीच जीबी धरून ठेवणं मला संशयास्पदच वाटतं.

पण यादीत साठ-सत्तर एसव्हीसीहोस्ट दिसले म्हणून घाबरू नका. २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटपासून साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या मशीनवर विंडोज बहुतेक सर्व्हिसेस वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतं, त्यामुळे तेवढे असणारच. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या सिस्टिम३२ मधून चालतो आणि त्याला सर्व्हिसेस नावाची प्रोसेस सुरू करते. रोमिंगमधून चालणारा खोटा, यात शंका नको. उलट, फाइल योग्य जागी आहे म्हणून सगळं ठीक असंही समजू नका, कारण खरी विंडोजची फाइल सुरू करून तिच्या मेमरीत आपला कोड घुसवणारे मायनरही असतात. तिथे पत्ता बरोबर दिसतो, पण तिला सुरू कोणी केलं ते बरोबर नसतं. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनांमधलं प्रोसेस एक्सप्लोरर घेतलंत तर कोण कोणाच्या पोटी जन्मलं ते झाडासारखं दिसतं. काही मायनर त्याच्या नावावरही नजर ठेवून असतात, म्हणून चालवण्याआधी फाइलचं नाव बदलून घ्या. कमांड लाइनचा कॉलमही लावा. माझ्याकडे त्यात स्ट्रॅटम हा शब्द (मायनर ज्या पद्धतीने मायनिंगच्या सर्व्हरशी बोलतो तिचं नाव) आणि ४ ने सुरू होणारी अक्षर-अंकांची लांबलचक माळ होती. मोनेरोचा नेहमीचा पत्ता ९५ अक्षरांचा असतो, ती माळ म्हणजे कोणाचं तरी वॉलेट होतं.

फाइल परत का येते? कारण तुम्ही फाइल उडवताय, तिला बोलावणारा तसाच आहे. माझ्या टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारं विंडोजचं साधन) ब्राउझरच्या अपडेटसारख्या नावाचं एक काम होतं. लॉगइन झालं की चालायचं आणि नंतर दर दहा मिनिटांनी. ऑटोरन्स हे दुसरं साधन अशी कामं एका जागी दाखवतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डिफेंडरच्या, म्हणजे विंडोजच्या अँटीव्हायरसच्या, सेटिंगमध्ये एक्स्क्लूजन्सची (स्कॅनमधून वगळलेल्या जागांची) यादी उघडून बघा. माझ्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह होता! पाच वेळा स्कॅन केला, पाचही वेळा 'कोणताही धोका आढळला नाही', कारण जिथे चोर बसला होता तिथे बघायचंच नाही असं डिफेंडरला सांगून ठेवलं होतं. एक मॉड (गेममध्ये बदल करणारी बाहेरची फाइल) टाकताना ॲडमिनची परवानगी मी दिली, तेव्हाच ती ओळ लिहिली गेली असणार. त्या मॉडच्या सूचनांमध्ये 'इन्स्टॉल करताना अँटीव्हायरस बंद ठेवा' असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

आता माझी खरी चूक.

ते शेड्युलरमधलं काम काढलं, फाइल काढली, एक्स्क्लूजन काढलं. पंखे शांत झाले, आलेखही तळाला. मला वाटलं, सुटलो. आणि त्याच खुर्चीवर, त्याच ब्राउझरमध्ये, मी एकामागून एक पासवर्ड बदलले. ईमेल, गेमचं खातं, चॅट, सगळं. मायनर आवाज करत होता म्हणून कळला. त्याच्याबरोबर आलेला दुसरा काहीच आवाज करत नव्हता. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगइनच्या कुकीज (तुम्ही आधीच लॉगइन आहात हे साइटला सांगणाऱ्या छोट्या फाइल्स) उचलून पाठवणं एवढंच त्याचं काम. मी रांगेने नवे पासवर्ड टाइप करून त्याच्या हातात दिले. टू-फॅक्टर (पासवर्डनंतर वेगळा कोड मागणं) चालू होतं, तरी उपयोग झाला नाही. चोरलेली कुकी म्हणजे आधीच उघडलेलं दार, तिथे कोड कोण विचारतो?

तिसऱ्या दिवशी गेमचं खातं गेलं, नऊ वर्षांचं. मला इशाऱ्याचा एकही मेल आला नाही असं मी सगळ्यांना सांगत होतो, पण मेल आले होते. माझ्या मेलबॉक्सच्या सेटिंगमध्ये एक नियम बनवलेला सापडला: त्या कंपनीचा मेल आला की वाचलेला म्हणून खूण करायची आणि थेट कचऱ्यात टाकायचा. कचऱ्यात चार मेल पडले होते. पहिला पहाटे ३ वाजून १२ मिनिटांचा, 'तुमचा ईमेल पत्ता बदलण्यात आला आहे'.

मग त्या कंपनीची मदत यंत्रणा. नाव घेत नाही. मी तक्रार केली, उत्तर आलं की खात्याशी जोडलेल्या ईमेलवरूनच लिहा. जोडलेला ईमेल आता चोराचा होता, तक्रारीचा विषयच तो होता! पुन्हा लिहिलं, पुन्हा तोच ठोकळ्यातला मजकूर, आणि दोन दिवसांनी 'समस्या सुटल्यामुळे' तक्रार बंद. असं चार वेळा झालं. नऊ वर्षं मी त्यांना पैसे दिले, आणि एका माणसाला माझा पूर्ण मेल वाचायला तीन आठवडे लागले. अजूनही आठवलं की संताप होतो. शेवटी काम झालं ते सगळ्यात पहिल्या खरेदीच्या पावतीने, जी योगायोगाने एका जुन्या मेलमध्ये राहिली होती. तुमच्या पहिल्या खरेदीची पावती आणि व्यवहार क्रमांक आजच शोधून मशीनच्या बाहेर कुठेतरी ठेवा. खातं परत मिळालं, पण त्यातल्या वस्तू विकून झाल्या होत्या.

म्हणून क्रम असा ठेवा. दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून किंवा फोनवरून आधी ईमेल. पासवर्ड बदलायचा, 'सर्व उपकरणांवरून लॉगआउट' करायचं (हे राहिलं तर जुनी कुकी काही ठिकाणी चालूच राहते), आणि फॉरवर्डिंग व फिल्टरचे नियम डोळ्यांनी बघायचे. मग बँक, मग गेमची खाती. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान वापरत असाल तर तिथे वेब एपीआय की (दुसऱ्या प्रोग्रामला तुमच्या खात्याशी बोलू देणारी किल्ली) कोणी तयार केली आहे का तेही बघा. माझं गेलेलं खातं स्टीमचं नव्हतं, पण वस्तूंची अदलाबदल मध्येच वळवायला ती की वापरली जाते.

आणि मशीन? माझं मत ठाम आहे, पटलं नाही तर सोडून द्या: साफसफाईत वेळ घालवू नका, विंडोज नव्याने टाका. मी दोनदा साफ केलं आणि दोन्हीदा काहीतरी उरलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पायरेटफाय नावाचा गेम माहिती चोरणारा निघाला, तेव्हा स्टीमनेसुद्धा तो चालवलेल्यांना ऑपरेटिंग सिस्टिम पूर्ण फॉरमॅट करण्याचा विचार करा असंच कळवलं होतं. इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर बनवा, कमीत कमी ८ जीबीचा. सिस्टिम ड्राइव्हची सगळी पार्टिशन्स काढून टाका. 'फाइल्स ठेवा' वाला रीसेट नको, त्यात तुमच्या बहुतेक फाइल्स तशाच राहतात. बॅकअपमध्ये फोटो, कागदपत्रं आणि गेमचे सेव्ह घ्या, इन्स्टॉलर आणि मॉड्सचं फोल्डर घेऊ नका. मॉड मोठ्या, नावाजलेल्या ठिकाणाहून घेतले होते म्हणून सुरक्षित, असंही धरू नका. जून २०२३ मध्ये फ्रॅक्चरायझर हा मालवेअर माइनक्राफ्ट या गेमच्या मॉड्समधून, कर्सफोर्ज आणि बकिट या मॉड्सच्या साइट्सवरून पसरला होता.

एक शक्यता राहते. डिफेंडरने फक्त विनरिंग० नावाच्या ड्रायव्हरबद्दल इशारा दिला असेल आणि पंख्यांचा वेग किंवा आरजीबी (मशीनमधले रंगीत दिवे) सांभाळणारं सॉफ्टवेअर टाकलेलं असेल, तर तो बहुधा त्याचाच. मार्च २०२५ पासून डिफेंडर त्यावर बोट ठेवतो. तो ड्रायव्हर जुना आणि कमकुवत आहे, पण तेवढ्यावरून मशीन पुसू नका. रोमिंगमधल्या एसव्हीसीहोस्टला मात्र असं कोणतंही निरागस कारण मला माहीत नाही.

एक्स्क्लूजन्सच्या यादीत काय निघालं आणि त्या प्रोसेसला कोण सुरू करतंय, एवढं इथे लिहा. मी रात्री बघतो. तोपर्यंत नेटची वायर काढलेलीच राहू द्या, आणि वायफाय आपोआप जोडलं जात असेल तर तेही बंद करा.