फायबरवाला गेला, पासवर्ड राहिला

तपकीर गल्लीतल्या आमच्या दुकानात लोक राउटर दुरुस्तीला घेऊन येतात आणि पैसे देऊन झाले की हळूच म्हणतात, "ताई, अजून एक विचारायचं होतं." खरा प्रश्न तो असतो. आता तसेच प्रश्न पत्रांतून येताहेत. या अंकासाठी त्यातले पाच घेतलेत.

वर्षभरापूर्वी फायबर घेतलं. बसवायला आलेल्या मुलाने माझाच मोबाइल नंबर वायफायचा पासवर्ड म्हणून टाकला, "काका, लक्षात राहील." अमेरिकेतला माझा मुलगा म्हणतो व्हीपीएन घ्या, पैसे मी भरतो. घेऊ का?
— गणिताचे निवृत्त शिक्षक, कोथरूड

नको. त्या पैशांत दिवाळी अंक घ्या.

व्हीपीएन म्हणजे तुमची इंटरनेटवरची ये-जा आपल्या सर्व्हरमधून नेणारी सेवा. ते घेतलं की ही ये-जा फायबर कंपनीला दिसायची बंद होते आणि व्हीपीएन कंपनीला दिसायला लागते, एवढाच फरक. बँकेच्या साइटवर तुम्ही काय टाइप करता ते एचटीटीपीएस या सांकेतिक कुलपामुळे दोघांनाही वाचता येत नाही. फार तर कुठल्या साइटवर गेलात तेवढं कळतं. त्यात २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने आदेश काढला, की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं जपून ठेवायचे. त्यावर काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून नेले. फुकट व्हीपीएन तर हातातही घेऊ नका. ते सर्व्हर चालवायचा खर्च कोणीतरी करतंय, आणि तो तुमच्यावरच्या प्रेमापोटी नाही. चिरंजीव विमानतळांवर, हॉटेलांत राहत असतील तर त्यांना उपयोग असेल, घरी तुम्हाला नाही.

तुमची खरी गळती पासवर्डमध्ये आहे. फोन वायफायला जोडला जातो त्या क्षणी फोन आणि राउटर यांच्यात चार निरोप जातात-येतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसलेला माणूस ते टिपून घेऊ शकतो. त्यात पासवर्ड नसतो, पण एखादा अंदाज बरोबर की चूक हे त्यावरून ताडून पाहता येतं, तेही नंतर, आपल्या घरी बसून. तुमच्या राउटरला याचा पत्ताच लागत नाही. आता हिशेब मांडा. आपले मोबाइल नंबर ६ ते ९ यांपैकी एका आकड्याने सुरू होतात, पुढे नऊ आकडे, म्हणजे शक्यता फक्त ४०० कोटी. गेम खेळणाऱ्या पोरांकडे असतं तसलं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांच्या घरात अंदाज तपासतं. भागाकार तुम्हाला मी सांगायला नको. आणि तुमचा नंबर दूधवाल्यापासून सोसायटीच्या वहीपर्यंत सगळीकडे असताना एवढी मेहनत तरी कोण घेतो?

त्यापेक्षा एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहा. खलबत्ता, गोगलगाय, पावती, मंगळवार असं काहीतरी. (हे छापून आलं, म्हणजे हे बाद.)

दुसरी गोष्ट लोक विसरतातच. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या सेटिंगचा वेगळा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, आकडे इंग्रजी हवेत; काही राउटरच्या डब्यांचा पत्ता वेगळा असतो, तो मागच्या स्टिकरवर मिळेल. लॉगिन मागेल. दुकानात येणाऱ्या डब्यांमध्ये ते बहुतेक वेळा कारखान्यातून आलेलं तसंच असतं, ॲडमिन-ॲडमिन. आधी ते बदला. मग सिक्युरिटीमध्ये डब्ल्यूपीए३ हे वायफायचं नवं कुलूप दिसलं तर तेच निवडा, त्यात वर सांगितलेली घरी बसून ताडून पाहण्याची युक्ती चालत नाही. जुना फोन जोडला जाईना तर त्याच्या आधीचं, डब्ल्यूपीए२-एईएस. पासवर्ड न टाकता वायफाय जोडून देणारं डब्ल्यूपीएस नावाचं बटण बंद. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे तो जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालं होतं. रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे राउटरची सेटिंग बाहेरून बदलायची सोय, तीही बंद. फर्मवेअरचं, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट दिसलं तर करून टाका. काही कंपन्या ही पानं ग्राहकाला उघडूच देत नाहीत. मग कस्टमर केअरला फोन लावून त्यांच्याकडून करून घ्या आणि तक्रार नंबर लिहून ठेवा.

घरात तीन पेइंग गेस्ट मुली आहेत, एमपीएससी करतात. वायफाय आमचाच वापरतात, मैत्रिणीही येतात. काही भानगड झाली तर? आणि त्या काय पाहतात ते आपल्याला दिसू शकतं का?
— एक आजी, सदाशिव पेठ

कनेक्शन तुमच्या नावावर, त्यामुळे काही झालं तर पहिली विचारणा तुमच्याकडेच होणार, हे खरं. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं, ते सुरू करून मुलींना त्याचाच पासवर्ड द्या. त्यांना इंटरनेट मिळेल, पण आजोबांचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर दिसणार नाही. काही डब्यांत त्यासाठी आयसोलेशनवर वेगळी टिक करावी लागते. खोली रिकामी झाली की पासवर्ड बदलायचा, चादरी बदलतो तसा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला येतं आणि मी ते देणार नाही. भाडं खोलीचं घेता ना आजी?

आम्ही दोघं हिंजवडीला नोकरीला. सासूबाई दिवसभर एकट्या, म्हणून हॉलमध्ये कॅमेरा लावलाय, मोबाइलवर दिसतो. आमच्याशिवाय कोणी बघत असेल का?
— बाणेर

डब्यातून काढून तसाच लावला असेल तर बघू शकतं. २०१६ मध्ये मिराई नावाचा व्हायरस पसरला, त्याने असलेच कॅमेरे आणि राउटर लाखोंनी ताब्यात घेतले. कसले कुलूप तोडले नाही, काही नाही. कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी होती, ती प्रत्येक दारावर लावून पाहायची. २१ ऑक्टोबर २०१६ ला या कॅमेऱ्यांनीच साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन नावाच्या कंपनीवर एकदम गर्दी केली आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत तासन्‌तास अडखळल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना त्याची गंधवार्ताही नव्हती.

तेव्हा कॅमेऱ्याचा स्वतःचा पासवर्ड बदला. ॲपच्या खात्याला ओटीपीचं दुसरं कुलूप घाला. राउटरमध्ये यूपीएनपी बंद करा, नाहीतर कॅमेरा तुम्हाला न विचारता बाहेरच्या जगाला दार उघडून देऊ शकतो. कॅमेरा गेस्ट नेटवर्कवर ठेवा, मोबाइलवर तरीही दिसेल. रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर होत असेल तर क्लाउडचं मासिक भाडं कशाला?

आणि सासूबाईंना विचारलंत का? पत्रात ते कुठे दिसलं नाही. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या आई रोज दुपारी कॅमेऱ्यावर टॉवेल टाकायच्या. मुलगा तो बिघडला म्हणून दोनदा दुकानात घेऊन आला. कॅमेरा ठणठणीत होता. शेवटी मी आईंनाच फोन लावला. त्यांना दुपारी पाय पसरून, पदर बाजूला टाकून झोपायचं असायचं, बाकी काही नाही.

मराठी लिहायला एक कीबोर्ड ॲप घेतलं. सुरू करताना फोन म्हणाला, तुम्ही टाइप कराल तो सगळा मजकूर, पासवर्डसुद्धा, हे ॲप गोळा करू शकेल. घाबरून बंद केलं. भाचा म्हणतो, ओपन सोर्स असेल तर बिनधास्त वापर.
— कविता लिहिणारी एक वाचक, कसबा पेठ

अँड्रॉइड ही सूचना बाहेरून घेतलेल्या प्रत्येक कीबोर्डला दाखवतो, त्यामुळे तेवढ्यावरून ॲप चोर ठरत नाही. पण सूचना खोटी नाही. कीबोर्डच्या हातातून सगळंच जातं, कविता जाते तसा बँकेचा पासवर्डही. म्हणून आधी फोनमध्ये मुळात असलेल्या कीबोर्डच्या भाषांमध्ये मराठी आहे का ते पाहा, बहुतेक असते. फोन बनवणाऱ्यांवर भरवसा टाकून बसलोच आहोत, त्यात आणखी एकाची भर कशाला? आणि मराठी कीबोर्ड तुमचे कॉन्टॅक्ट आणि लोकेशन मागत असेल तर काढून टाका. वेलांटी कुठे द्यायची हे ठरवायला त्याला तुम्ही कसब्यात आहात की कात्रजला, हे कळायची गरज नाही.

भाच्याचं अर्धं बरोबर आहे. ओपन सोर्स म्हणजे आतला कोड कोणालाही वाचता येतो. वाचतोच असं नाही. एक्सझेड नावाच्या, लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीममध्ये सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये कोणीतरी दोनेक वर्षं गोड बोलून, मदत करून शिरकाव केला आणि चोरदार बसवलं. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, त्याने तो धागा सोडला नाही, म्हणून ते सापडलं. कोड उघडा होता म्हणून त्याला मुळापर्यंत जाता आलं, हेही तितकंच खरं.

मी स्वतः आणखी एक पाहते, कंपनीकडे माझं काय साठतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, सिग्नल या मेसेजिंग ॲपकडे वापरकर्त्याची माहिती मागितली, तेव्हा त्यांच्याकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या, खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकी त्यांनी ठेवलंच नव्हतं. ॲप निवडताना मला त्यांच्या जाहिरातीतल्या कुलपाच्या चित्रापेक्षा हे जास्त पटतं.

सगळे पासवर्ड एका वहीत लिहून कपाटात ठेवते. नात हसते. चूक आहे का?
— पर्वती पायथा

अजिबात नाही. रशियातला चोर तुमचं कपाट उघडायला येत नाही. नातीला हसायचं असेल तर तिने सगळीकडे एकच पासवर्ड ठेवलाय का ते विचारा. ठेवला असेल तर तिने बिटवॉर्डन किंवा कीपास हे पासवर्ड जपून ठेवणारं ॲप घ्यावं, दोन्ही ओपन सोर्स आहेत आणि फुकट वापरता येतात. तुम्ही वहीच ठेवा. यूपीआयचा आणि एटीएमचा पिन मात्र तिच्यात लिहू नका, वहीचा फोटो काढून फोनमध्ये ठेवू नका, आणि ती कुठल्या कप्प्यात आहे ते घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा.