धुण्याच्या सोड्याचे खडे उन्हाळ्यात पांढरे पडून भुगा का होतात? सोडा खराब झाला का, आणि हा निसर्गात सापडतो का?

नाही हो, खराब वगैरे काही झाला नाही, फेकू नका. इतवारीच्या बाजारातून आणलेले पारदर्शक खडे पांढरे पडले आणि हात लावला की भुगा होतो म्हणता ना, तर त्यातलं फक्त पाणी उडालंय, सोडा होता तेवढाच आहे.

धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, पण खड्याच्या रूपात असतो तेव्हा त्याच्या एका रेणूमागे पाण्याचे 10 रेणू स्फटिकातच बसलेले असतात. वजनाचा हिशोब लावला तर जवळपास 63 टक्के पाणी! म्हणजे किलोभर खड्यांत 630 ग्रॅम पाणी आणि सोडा फक्त 370 ग्रॅम, आणि तरी खडा हातात घेतला तर कोरडा लागतो.

हे पाणी त्याने काही फार घट्ट धरून ठेवलेलं नसतं. हवा कोरडी असली की हळूहळू सुटतच असतं, आणि 32-33 डिग्रीच्या वर तर हा स्फटिक टिकूच शकत नाही. आता आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे आणि दुपारची हवा ठणठणीत कोरडी, मग काय होणार, 10 पैकी 9 रेणू जातात आणि एक उरतो, तीच तुमची पांढरी भुकटी. तो शेवटचा रेणू काढायचा तर मात्र चांगलं तापवावं लागतं. बरणीचं झाकण घट्ट असेल तर वेगळीच गंमत, सुटलेलं पाणी बाहेर जाऊ शकत नाही, सोडा त्यातच विरघळायला लागतो आणि मे महिन्यात बरणीत पांढरा चिखल होऊन राहतो. मग डिसेंबरात थंडी पडली की त्याचाच असा दगड होतो की चमचा वाकेल पण सोडा निघणार नाही.

वापरताना एकच लक्षात ठेवा, 100 ग्रॅम खड्यांचा भुगा झाला की तो साधारण 43 ग्रॅमच भरतो, म्हणजे तेवढ्याच वजनात भुगा जास्त तीव्र आहे. आधी टाकायचे त्याच्या निम्म्याहून कमी वजनाचा टाका, हातमोजे घाला, आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यात भिजवू नका, भांडं खातो तो.

आता निसर्गात सापडतो का, तर हो. 10 रेणू पाणीवाल्या खनिजाला नॅट्रॉन म्हणतात, एक रेणूवाल्याला थर्मोनॅट्राइट, आणि तिसरं भावंड ट्रोना, त्यात कार्बोनेटसोबत बायकार्बोनेटही असतं (खायच्या सोड्यातलं तेच) आणि पाण्याचे दोन रेणू. ट्रोना उन्हात असा भुगा होत नाही, म्हणून गरम प्रदेशातल्या खाऱ्या तळ्यांच्या काठावर तोच जास्त टिकतो, नॅट्रॉन थंडीत बनतो आणि ऊन तापलं की संपतो.

लांब कशाला जाता, आपल्या विदर्भातच लोणार आहे ना, समृद्धीवरून मेहकरला उतरलं की जवळच. उल्का आदळून बेसॉल्टमध्ये (आपला काळा दगड) झालेला खड्डा, त्यात झऱ्यांचं आणि पावसाचं पाणी येतं पण बाहेर जायला वाटच नाही, जे जातं ते वाफ होऊनच. येताना पाणी दगडातून सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे बनलेलं बायकार्बोनेट घेऊन येतं. पाणी आटायला लागलं की कॅल्शियम-मॅग्नेशियम आधी कार्बोनेट होऊन तळाला बसतात. बायकार्बोनेट कॅल्शियमपेक्षा जास्त असेल तर ते उरतं, सोबत सोडियम, आणि पाणी अल्कधर्मी होत जातं, लोणारचा पीएच (आम्ल-अल्क मोजायचं माप, साध्या पाण्याचा 7) 10 च्या आसपास आहे. बायकार्बोनेट कमी पडलं असतं तर हेच तळं नुसतं खारट झालं असतं, सोडा मिळाला नसता. उन्हाळ्यात काठ उघडा पडतो तिथे पांढरा खार साचतो, पूर्वी लोक तो गोळा करून विकायचे, जुन्या गॅझेटियरमध्ये दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्याच्या प्रकारांची नावं सापडतात. आता मात्र उचलून आणायचा नाही, अभयारण्य आहे ते, आणि 2020 पासून रामसर यादीतही, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीतही आहे.

घरीच नॅट्रॉन बघायचं असेल तर तुमचा तोच भुगा घ्या, कपभर कोमट पाण्यात विरघळेल तेवढा विरघळवा, गाळा आणि काचेच्या ग्लासात झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. कोमट पाण्यात हा सोडा भरपूर विरघळतो आणि थंडात फार कमी, त्यामुळे सकाळी तळाला पारदर्शक खडे आलेले दिसतील. ग्लासवर नाव मात्र लिहून ठेवा, कोणी प्यायला नको.