विंगरचं करिअर : ट्रायलला नाकारला म्हणजे संपलं काय?

प्रश्न : मुलगा १७ वर्षाचा, डाव्या पायाचा, विंगला म्हणजे मैदानाच्या कडेला लाईनजवळ खेळतो. एका अकॅडमीच्या ट्रायलला गेलेला, अंगानं बारीक आहे म्हणून परत पाठवलं. घरात आता म्हणतायत फुटबॉल बास, आयटीआयला घाला. इंग्लंडात असं मागं राहून कोण वर आलंय काय?
– एक वडील, खानापूर

उत्तर : आलंय की! लंडनच्या वेस्ट हॅम क्लबचा विंगर जॅरड बोवेन बघा. (आमच्या इकडं सगळे मँचेस्टर नाहीतर लिव्हरपूलवाले, त्यामुळं ह्याचं नाव कोण घेत नाही.) लेम्स्टर नावाच्या बारक्या गावचा पोरगा, जवळच्याच हेरफर्ड युनायटेड क्लबमधनं सुरुवात, आणि तो क्लब कर्जात बुडून २०१४ ला बंदच पडला. त्याच वर्षी १७ व्या वर्षी तो हल सिटी क्लबात गेला, पण तिथंही लगेच कोण डोक्यावर घेतलं नाही, मेन टीममध्ये पक्की जागा मिळायला २०१७ उजाडलं. मग मात्र २०१८-१९ च्या सीझनला चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दोन नंबरच्या लीगमध्ये, विंगर असून २२ गोल. जानेवारी २०२० ला वेस्ट हॅमनं उचलला, २०२२ ला इंग्लंडकडनं खेळला, आणि ७ जून २०२३ ला प्रागमध्ये कॉन्फरन्स लीग ह्या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या फायनलला इटलीच्या फिओरेंटिनाविरुद्ध ९० व्या मिनिटाला त्यानंच गोल मारून २-१ नं कप आणला. वेस्ट हॅमला १९८० नंतर मोठा कप तो पहिलाच.

आता तुमच्या कामाचं. बोवेन पण डाव्या पायाचा, पण खेळतो उजव्या बाजूला. लाईनवरनं आत वळला की बॉल आपोआप चांगल्या पायावर येतो आणि समोर गोल दिसतो, डिफेंडरला मात्र कळत नाही आत जाणार की बाहेरनं. तुमचा पोरगा डावीकडंच उभा राहून नुसते क्रॉस, म्हणजे कडेवरनं गोलसमोर बॉल, टाकत असेल तर कोचला सांगून थोडे दिवस उजवीकडं खेळवून बघा. आयटीआयला घालाच, त्यात वाईट काय नाही, संध्याकाळी ग्राऊंड आहेच. पण त्याला त्याच्याच वयाच्या पोरांत ठेवू नका, मोठ्या माणसांच्या मॅचमध्ये उतरू दे, धक्के खाऊ देत, बारीक अंगाला बॉल लवकर सोडायची अक्कल तिथंच येते. कोल्हापुरात सीझन चालू असला की एकदा शाहू स्टेडियमला घेऊन जा, गर्दीसमोर खेळणं काय असतं ते बघू दे.

प्रश्न : मी २९ चा झालो, विंगरची किती वर्षं राहिली?
– निपाणीकर

उत्तर : इंग्लंडचा जुना विंगर स्टॅन्ली मॅथ्यूज ४१ व्या वर्षी, १९५६ ला, पहिला बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात भारी खेळाडूचं बक्षीस, घेऊन गेला आणि स्टोक क्लबकडनं शेवटची लीग मॅच खेळला तेव्हा पन्नाशी पूर्ण झालेली. दारू नाही, सिगारेट नाही. आजचा स्पीड वेगळा आहे ते मान्य, पण तुम्ही आधी रात्रीचं मटण-भाकरी जरा कमी करा, मग वयाचं बोलू.