३० पैकी २८ आले म्हणून विसरणं खोटं ठरत नाही

तुम्ही लिहिलंत: कामाच्या ताणानं पिळून निघालात, खोलीत शिरल्यावर कशाला आलो तेच आठवत नाही, आणि स्मरणशक्तीच्या चाचणीत मात्र ३० पैकी २८ गुण. तुमचं हे वाचून जुनी जखम खाजली. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी१२ जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन या रक्ततपासण्या झाल्याच असतील, त्यावर लिहीत नाही. (मी डॉक्टर नाही, हेही आधीच सांगतो.)

मला सगळ्यांत महागात पडलं ते तपासायला जाऊन नुसतं ‘विसरायला होतं’ म्हणणं. समोरच्यांनी दहा मिनिटांची चाचणी घेतली, ‘नॉर्मल’ लिहिलं, विषय संपला. ती चाचणी स्मृतिभ्रंशाची चाळणी आहे हो! शांत खोली, एका वेळी एकच प्रश्न. थकलेला माणूसही दहा मिनिटं नेट लावून तेवढं काढतो. ताणाच्या थकव्यात मार बसतो तो लक्षावर आणि दोन-तीन गोष्टी एकदम डोक्यात धरण्यावर. पुष्कळदा गोष्ट पुसली जात नाही, मुळात नोंदलीच जात नाही.

तरी एक कबूल करायला हवं: आपल्याला जाणवणारं विसरणं आणि चाचणीचे गुण यांचा मेळ बेताचाच असतो. तक्रार थकवा, उदासी, चिंता यांच्याशी जास्त जुळते. म्हणून ती नाटक ठरत नाही, पण ‘मेंदू गेला’ असंही ठरत नाही.

पुढच्या भेटीआधी दोन आठवडे वही ठेवा. प्रत्येक चुकीला एक ओळ: वेळ, काय निसटलं, तेव्हा आणखी काय चाललं होतं, आदल्या रात्री झोप किती तास, आणि कुणी इशारा दिल्यावर, म्हणजे थोडं सुचवल्यावर, आठवलं का. शेवटचा रकाना सोडू नका. इशाऱ्यानं आठवलं तर नोंद आत आहे, बाहेर काढताना अडतंय. नीट लक्ष देऊन ऐकलेलंही इशाऱ्यानं येत नसेल, तर काही तासांची सविस्तर चाचणी मागाच. सोबत गोळ्यांची यादी न्या. ॲलर्जीच्या गुंगी आणणाऱ्या आणि झोपेच्या गोळ्याही स्मरण मंदावतात. घोरत असाल तर तेही सांगा.

स्मरणशक्तीच्या ॲपवर पैसे घालवू नका, त्या खेळात हात बसतो एवढंच. त्यापेक्षा काम एखाद्या ठरलेल्या कृतीला बांधा: चप्पल घातली की खिशात किल्ली चाचपायची. दिवसाला वीस अलार्म लावलेत तर एकही ऐकू येईनासा होतो.

ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकत असेल किंवा विसरणं तुमच्यापेक्षा घरच्यांनाच जास्त खुपत असेल, तर वही भरत बसू नका, लगेच वेळ घ्या. अचानक बोलणं अडखळू लागलं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला तर त्याच मिनिटाला इमर्जन्सी गाठा.