अंगोरा सशाची लोकर कशी काढतात? त्यात त्याला दुखतं का?

नीट काढली तर दुखत नाही. पण आधी जात बघा. इंग्लिश आणि फ्रेंच अंगोराचे केस साधारण तीन-चार महिन्यांनी आपोआप गळतात. तेव्हा सुटे झालेले केस बोटांनी अलगद ओढले की हातात येतात. जर्मन अंगोराचे तसे गळत नाहीत. त्याला दर अडीच-तीन महिन्यांनी कातरावंच लागतं. हिमाचलात कुलूकडे शालींच्या लोकरीसाठी पाळतात तो मुख्यतः हाच. न सुटलेले केस उपटणं म्हणजे निव्वळ क्रूरपणा. 2013 मध्ये चीनमधले तसे व्हिडिओ बाहेर आल्यावर अनेक कंपन्यांनी अंगोरा घेणंच थांबवलं.

कातरताना खरी भीती कातडीची. ती इतकी पातळ असते की लोकर वर ओढून धरली तर कातडीही सोबत वर येते आणि कात्रीत सापडते. म्हणून एका हाताने कातडी ताणून सपाट ठेवा, पाठीवर मधोमध भांग पाडा आणि तिथून कडेला कापत जा. पोटाशी, मादीच्या आचळांजवळ फार जपून. थंडीत थोडी लोकर अंगावर राहू द्या.

आठवड्यातून एक-दोनदा तरी विंचरा. कानामागे, काखेत, शेपटीखाली आधी गुंता होतो. आंघोळ घालू नका, ओल्या लोकरीच्या गाठी बसतात. ससा स्वतःला चाटताना केस गिळतो आणि त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे सुकं गवत सतत समोर हवंच. खाणं किंवा लेंड्या कमी झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.