‘थिअरी सुरू झाली आणि वाचनच सुटलं’

साहित्यात एम.ए. करणाऱ्या मुलांची तक्रार बहुधा एकच असते: सिद्धान्ताचा (साहित्य कसं वाचावं याच्या विचारांचा, म्हणजे ‘थिअरी’चा) पेपर कळत नाही, वर्गात बाकीच्यांना कळतो असं दिसतं, म्हणजे आपली या विषयाची लायकीच नाही. माझ्याकडे आलेल्या या मुलीचं दुखणं त्याहून थोडं पुढे गेलं होतं (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत).

“मॅडम, मी पुस्तकांत बुडालेली असायचे. आता कादंबरी उघडली की दोन पानांत डोक्यात सुरू होतं, इथे स्त्रीवादी काय लिहायचं, इथे मार्क्सवादी काय. शेवटी मिटूनच ठेवते.”

अशा वेळी मी आधी पुस्तकांबद्दल बोलत नाही. झोप, भूक, मैत्रिणी, गाणी यांची चौकशी करते. सगळ्यातलीच गोडी गेली असेल, तर प्रश्न अभ्यासाचा उरत नाही आणि उपायही वेगळे लागतात. तिचं बाकी सगळं ठीक होतं.

मग म्हटलं, सगळ्यात जास्त छळणारा लेख दाखव. तिने देरिदा या फ्रेंच तत्त्वज्ञाचं १९६६ मधलं, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या परिषदेतलं व्याख्यान काढलं. जवळजवळ प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीची रेघ. मी विचारलं, “हा माणूस भांडतोय कुणाशी?”

तिला सांगता येईना. ती परिषद भरली होती फ्रान्समधल्या संरचनावादी विचाराची (कुठल्याही गोष्टीचा अर्थ तिच्या एकटीत नसतो, ती ज्या रचनेत बसते तिच्यातून येतो, असं मानणाऱ्या विचाराची) अमेरिकेतल्या अभ्यासकांना ओळख करून द्यायला, आणि देरिदाने तिथेच त्या विचाराच्या पायाला हात घातला. त्याचा रोख बराचसा लेव्ही-स्ट्राउस या मानववंशशास्त्रज्ञाच्या मांडणीवर होता. हिने लेव्ही-स्ट्राउस वाचलाच नव्हता, ज्याच्या भाषाविचारावर संरचनावाद उभा आहे तो सोस्यूर नोट्समध्ये दीड पान. भांडण रंगात आलेलं असताना कुणी खोलीत शिरावं तसं झालं होतं: शब्द ऐकू येतात, राग कशाचा ते कळत नाही. दर आठवड्याला एक ‘वाद’ उरकणाऱ्या अभ्यासक्रमाचा हा दोष आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलं तो स्वतःच्या बुद्धीवर घेतात.

रोलां बार्थ या फ्रेंच समीक्षकाचंही तेच. ‘लेखकाचा मृत्यू’ हे १९६७ मधल्या लेखाचं शीर्षक ऐकून तिने आवडत्या लेखिकेची पत्रं वाचणं सोडलं होतं! कलाकृतीचा अर्थ लेखकाच्या आयुष्यात शोधायची जी सवय समीक्षेला लागली होती, तिच्यावर तो लेख चालून जातो. पत्रं वाचायला बंदी त्यात कुठेही नाही.

तेव्हा ठरलं असं की, मूळ लेख उघडण्याआधी तो कुणाचं कोणतं म्हणणं खोडतोय ते शिक्षकांकडून किंवा एखाद्या परिचयपर पुस्तकातून शोधायचं आणि चार ओळींत लिहायचं. कादंबरीचं पहिलं वाचन पेन्सिलीशिवाय.

वाचनाच्या आनंदाचा प्रश्न मात्र एवढ्यावर सुटला नाही. काही दिवसांनी ती म्हणाली, “अजून अडखळतेच. आणि या कादंबरीत तर एक गोष्ट सारखी टोचतेय. घरातल्या कुत्र्याला नाव आहे, कामवाल्या बाईला शेवटपर्यंत नाही.” मी म्हटलं, हे कुठल्या चष्म्यातून दिसलं? ती गप्प. चष्मा तिने लावलाच नव्हता. स्त्रीवादी आणि मार्क्सवादी समीक्षक असलेच प्रश्न विचारतात. तिचा आधी आला होता, त्यांची नावं मागाहून लागली असती. ही टोच म्हणजे वाचन बिघडणं, असं ती धरून चालली होती.

‘बाकीच्यांना कळतं’ यावर मी तिला आय. ए. रिचर्ड्स या इंग्रज समीक्षकाचा प्रयोग सांगितला. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना त्याने कवींची नावं काढून कविता दिल्या आणि मतं लिहून मागितली. १९२९ मध्ये ती पुस्तकरूपात आली, तेव्हा निवडक विद्यापीठातल्या हुशार मुलांनीही साधा अर्थ कसा चुकवला होता ते सगळ्यांना दिसलं. यावर ती पहिल्यांदा मोकळी हसली.

सत्राचा निबंध तिने त्या बिननावाच्या बाईवरच लिहिला. लाकां हा फ्रेंच मनोविश्लेषक मात्र अजिबात जमला नाही. परीक्षेत त्याला पर्यायी प्रश्न होता, तो तिने घेतला, आणि मलाही त्यात काही गैर वाटलं नाही.